हेझलची वीण

पाहुण्यांना पेंग्विन दाखवायला बेटावर उतरवलं, की मी आधी बजावतो, टोप्या सांभाळा. आमच्या फॉकलंडातला तो काळा ससाणा, ज्याला आम्ही जॉनी म्हणतो, अट्टल चोर आहे. माणसाला भीत नाही. पाहुणे हसतात. पूर्वी मीही हसायचो.

त्या दिवशी होडीत माझी थोरली बहीण हेझल होती. तिचा मुलगा कॅलम लहानपणीच याच किनाऱ्यावरून वल्हं मारत गेला आणि समुद्राने त्याला परत दिलं नाही. चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड आहे, खाली काही नाही. पुरायला त्याचं काहीतरी मिळावं, एवढीच हेझलची आस होती. आता गुडघे गेले म्हणून ती शहरात राहायला निघाली होती, आणि त्याआधी एकदा इथे आली होती.

आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. धुकं उतरलं. पेंग्विनांचा कलकलाट एकाएकी थांबला. विष्ठेचा उग्र दर्प तेवढा उरला. जॉनी चालत आला आणि हेझलच्या मांडीवर उजव्या हाताचा ओला हातमोजा टाकून बाजूला उभा राहिला.

तिने मोज्याचा अंगठा उलटून पाहिला. विणताना अंगठ्यापाशी तिचा एक टाका जन्मभर चुकत आला. त्यावरून मी तिला किती चिडवलं होतं, आणि लोकर कातरताना माझी उजवी करंगळी अर्धी गेली तेव्हा तिने त्याची परतफेड केली होती, म्हणे तुझ्या मोज्यात लोकर वाचेल.

टाका तिथेच चुकला होता. मोजा मात्र मोठ्या माणसाचा होता.

"एवढा मी कधी विणलाच नाही, गस..."

कुणा खलाशाचा असेल, मी म्हणालो.

"खलाशाला माझी चूक कुणी शिकवली?"

पुरून टाक, मी म्हणालो.

"हात वाढलाय त्याचा. वाढत्या मुलाचं कुणी पुरतं का रे..."

ती शहरात गेली नाहीच. चुलीत पीट, आमच्याकडची जळाऊ माती, घालून तिने त्याच मापाचा डावा मोजा विणला. माझ्याकडून किनाऱ्यावरच्या कुंपणाला अडकवून घेतला. तो जॉनीने नेला, मी पाहिलं. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली. जाताना एवढंच म्हणाली, "तुझे मोजे विणायचे राहिले रे..."

त्या रिकाम्या दगडाशेजारी तिला ठेवलं. तिच्यावाचून घर खायला उठतं.

या मोसमात पाहुणे उतरवले आणि पेंग्विन पुन्हा गप्प झाले. जॉनी सरळ माझ्याकडे आला. मोजा कोरा होता, उजवा. त्याला हेझलच्या चुलीचा वास होता. अंगठ्यापाशी टाका चुकलेला. करंगळी अर्धीच विणलेली.

हात घातला. आत ऊब होती.

डावा अजून आलेला नाही.