वाचकाचा धोकांक

'चावडी' या समाजमाध्यम कंपनीच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत त्या सकाळी टेबलावर एक ठासणीची बंदूक ठेवलेली होती. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, जुन्या घडणीची. नळी बुडाशी फाटून उलटली होती. ही बंदूक सिंधुदुर्गातल्या नारायण गवसांची. ती फुटली तेव्हा ते जागीच गेले.

सुनावणी प्रयोगशाळेत ठेवण्याचं कारण एवढंच, की आरोप चावडीवरचा मजकूर हाताळणाऱ्या यंत्रावर होता आणि ते यंत्र इथे होतं. तक्रार ऐकणाऱ्या समितीवर तिघे होते. अध्यक्षा निवृत्त न्यायमूर्ती कुमुदिनी राजाध्यक्ष, आणि कर्णिक व धारप हे दोन सदस्य. समोर गवसांची बायको सुलभा, आणि तिच्या बाजूने शस्त्रतज्ज्ञ डॉ. वृंदा तेंडोलकर. कंपनीतर्फे ते यंत्र बनवणारे डॉ. निषाद केतकर.

घाई होती. निवडणूक जाहीर झाली होती. बारा दिवसांत जिल्ह्यातल्या चार हजारांवर शेतकऱ्यांना रानडुकरांसाठी ठेवलेल्या परवान्याच्या बंदुका साफ करून पोलीस ठाण्यात जमा करायच्या होत्या. दर निवडणुकीला करतात तशाच. त्यातल्या किती आतून भरलेल्या आहेत, हे त्यांच्या मालकांनाही ठाऊक नव्हतं.

"भरलेली बंदूक ओळखायची कशी, हे मी आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या आबा मेस्त्रींनी व्हिडिओत दाखवलं होतं," वृंदा म्हणाली. "नळीत लोखंडी गज सोडायचा. बंदूक रिकामी असेल तर गज खुणेपर्यंत आत जातो. चार बोटं वर राहिला, तर आत भरलेला बार आहे. बस. दोन मिनिटांचा व्हिडिओ. तो तुम्ही दडपलात."

"दडपला?" केतकर हसले. त्यांचं हसू सभ्य होतं आणि त्यामुळेच जास्त चीड आणणारं होतं. "अहो, तो आजही चावडीवर आहे. नऊ लाख लोकांनी पाहिलाय. आम्ही काहीही पुसत नाही. पूर्वी कंपन्या बंदुकीचं नाव आलं की मजकूर उडवायच्या. मग ओरड व्हायची, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गळा घोटला म्हणून. कंपन्या म्हणायच्या, घर आमचं, नियम आमचे. आम्ही तो वादच मिटवला."

"कसा मिटवलात, ते समितीला सांगा."

"सोपं आहे. एकच वाक्य एकाचा जीव वाचवतं आणि दुसऱ्याला खुनाला मदत करतं. म्हणजे धोका वाक्यात नसतो, वाचणाऱ्यात असतो. आमची वाचकनिहाय गाळणी मजकुराला हातच लावत नाही. ती प्रत्येक वाचकाचा धोकांक काढते. धोकांक साठच्या वर गेला, की त्या वाचकाला शस्त्रांबद्दलचं काही दिसत नाही. त्या जागी त्याच्या आवडीचं दुसरं काहीतरी दिसतं, म्हणजे उगाच मनस्ताप नको."

"आणि धोकांक वाढतो कशाने?"

"शस्त्रांबद्दल शोधण्याने. वाचण्याने. बंदुकीजवळ राहण्याने."

वृंदाने टेबलावर हात आपटला. "म्हणजे ज्याच्या घरी बंदूक आहे, त्यालाच दिसणार नाही! ज्याला गरज आहे तो शोधणार, आणि शोधलं म्हणून तो धोकादायक ठरणार. अहो, त्या नऊ लाखांत ठासणीची बंदूक असलेला एक तरी माणूस आहे का?"

केतकरांनी यंत्राला विचारलं. यंत्राने ताबडतोब उत्तर दिलं. एकही नव्हता.

"गाळणी अचूक चालली, असाच याचा अर्थ होतो," केतकर म्हणाले. आणि खरी संतापाची गोष्ट ही, की ते खोटं बोलत नव्हते. बोलणाऱ्याचं तोंड मोकळं ठेवायचं आणि ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घालायचे, या कारभाराला ते मनापासून स्वातंत्र्य समजत होते.

सुलभा उठली. "त्येनी तीनदा शोधल्यानी," ती म्हणाली. "माज्या म्होरां. तिनय येळा काजूची कलमां कशी बांदूची ताच दिसला. माका म्हणाले, आबांनी व्हिडिओ काडून टाकल्यानी वाटता. मगे गंज सुटूचो म्हणून नळी चुलीवर धरल्यानी. आत गेल्या साली भरलेलो बार होतो. कोणाक म्हायत?"

ती खाली बसली. धारपांनी घड्याळ पाहिलं.

"आमची मागणी एकच आहे," वृंदा म्हणाली. "परवानाधारकांपुरती गाळणी आजच्या आज बंद करा. नाहीतर या बारा दिवसांत अशा आणखी नळ्या फुटतील."

अध्यक्षांनी मान हलवली. त्या बारीक अक्षरांत टिपणं काढणाऱ्या जुन्या वळणाच्या न्यायाधीश होत्या. सहाशे पानांची फाइल त्यांनी दोनदा वाचली होती, बंदुकीच्या प्रत्येक भागाची माहिती शोधून काढली होती. समितीचे कागद चावडीवरूनच येत, म्हणून हे सगळं त्यांनी तिथेच केलं होतं.

"तो व्हिडिओ आपण तिघे आपापल्या पाटीवर पाहू," त्या म्हणाल्या. "मग मत देऊ."

तिघांनी मांडीवरच्या काचेच्या पाट्या उघडल्या. कर्णिक कौतुकाने बघू लागले. "छान समजावलंय हो! गज, खूण, चार बोटं. पोरालाही कळेल."

"स्पष्ट दिसतंय," धारप म्हणाले. "लपवलंय कुठे?"

अध्यक्षांच्या पाटीवर एक गृहस्थ पेटीवर भूप शिकवत होते. त्यांनी पुन्हा शोधलं. गृहस्थ पुन्हा सा लावू लागले. त्यांनी पाटी मांडीवर ठेवली.

"मला दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हाच पुरावा आहे. मी फाइल वाचली, म्हणून मला दिसत नाही."

"बाई, तुमच्या पाटीत बिघाड असेल," कर्णिक समजुतीच्या सुरात म्हणाले. "आम्हा दोघांना व्यवस्थित दिसतंय. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्यावर तक्रार मान्य कशी करायची?"

"माझ्या पाटीत बिघाड नाही!" राजाध्यक्षबाईंचा आवाज चढला. चाळीस वर्षांच्या नोकरीत तो कधी चढला नव्हता. वृंदाही तावातावाने बोलू लागली. केतकरांनी मात्र यंत्राच्या पडद्याकडे नजर टाकली. बाईंचा धोकांक त्यांना समोर दिसत होता, एक्क्याण्णव. ग्राहकाची खासगी माहिती उघड करायची नाही, असा कंपनीचा नियम होता आणि तो त्यांनी पाळला.

मतदान झालं. दोन विरुद्ध एक. तक्रार फेटाळली. धारप निकालपत्रावर सही करून बॅग आवरू लागले, आणि पत्र कर्णिकांकडे सरकलं.

सुलभा टेबलाजवळ येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सायबानू, तुमी आमची फाइल वाचलास?"

कर्णिक ओशाळले. "खरं सांगू का, बाई, उघडायलाच वेळ झाला नाही."

"मगे तुमका दिसतलोच," सुलभा म्हणाली.

कर्णिकांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.