खिडकीतले दोघे

सकाळी अकराच्या खेळाला थिएटरमध्ये कोण येतं? रिटायर झालेले, कॉलेज बुडवणारे, आणि माझ्यासारखे स्वतःच स्वतःचे मालक असलेले लोक!

दिवे मालवले. मी पॉपकॉर्नमध्ये हात घातला, आणि शेजारच्या खुर्चीत कुणीतरी शिंकलं. साधंसुधं नाही, पत्र्यावर पोतं आदळावं तसं. माझा हात तिथेच थांबला. ही शिंक मी रोज ऐकत होते... समोरच्या इमारतीतून!

"तुम्ही?" मी कुजबुजले.

एक मोठ्ठा चष्मा माझ्याकडे वळला. "तुम्ही? अहो, तुम्ही तर मशीनवर बसला होतात! मी बघूनच निघालो."

"आणि तुम्ही टेबलाशी होतात! मीपण बघूनच निघाले."

दोघांनीही मान पडद्याकडे वळवली.

"तो... पुतळा आहे," मी म्हटलं.

"तो फुटबॉल आहे," तो म्हणाला.

मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

आता हे प्रकरण सांगते. मी शिवणकाम करते. नोकरी सोडली तेव्हा वाटलं, आता कुणाचं ऐकायला नको. तिथंच घोटाळा झाला. मालकीण मीच, कामगारही मीच, आणि दोघींचं गूळपीठ! कामगार म्हणायची, "बाई, डोकं जड झालंय." मालकीण म्हणायची, "अगं, मग झोप की!"

समोरचा भाषांतरकार. मिक्सर, वॉशिंग मशीन असल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करायचा. त्याचीही तीच रड. दोघंही काम टाकून खिडकीबाहेर बघत बसायचो, तीच आमची ओळख. एकदा त्याने पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं, "काम करा!" मी उलट लिहिलं, "आधी तुम्ही!" मग करार ठरला. सकाळभर एकमेकांना दिसेल असं बसायचं, आणि एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं.

सुरुवात झकास झाली. मग मी माझ्या जुन्या शिवणाच्या पुतळ्याला स्वेटर चढवला, डोक्याच्या जागी उलटं पातेलं, वर स्कार्फ, आणि दिला मशीनपुढे बसवून. त्याने खुर्चीला कोट घातला, वर फुटबॉल, त्यावर टोपी. काय सांगू, ती दोघं इमानेइतबारे एकमेकांवर नजर ठेवून होती!

"तरीच!" तो अंधारात हसला. "मला वाटायचं, काय मान मोडून काम करते ही बाई! लाज वाटायची हो."

"म्हणून सिनेमाला आलात?"

"फार लाज वाटली की मला घरात बसवत नाही."

मी खूप हसले... आणि हसता हसता रडूच फुटलं. मध्यंतरात सगळं सांगून टाकलं. बँडवाल्यांच्या कोटांची ऑर्डर, माझी पहिली मोठी. दादा बजावून गेला होता, "शनिवारी कोट गेले तर तू मालकीण. नाही गेले तर सोमवारपासून माझ्या दुकानात फरशा विकायला बस." आणि कोट अजून कापडाच्या ताग्यातच होते.

तो ताडकन उठला. "चला."

"अहो, सिनेमा?"

"शेवटी लग्न होतं दोघांचं. चला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॅपटॉप बगलेत मारून माझ्या दारात हजर. "खिडकीवर माझा भरवसा नाही. एकाच टेबलाशी बसू." पुतळा उचलून त्याने आपल्या घरी नेऊन ठेवला, मला मोह नको म्हणून. नियम एकच. कामाच्या वेळेत जो आधी बोलेल, त्याने कोटाला बटण लावायचं.

पहिला कोट शिवून झाला, मी दुसरा मशीनखाली घेतला, तोच तो गंभीर आवाजात म्हणाला, "सूचना. उपकरणाने असं रोखून पाहू नये."

"मी कुठे पाहतेय? बटण!"

त्याने सुई घेतली आणि बोटाला टोचून घेतली. "धोका! उपकरण –"

"अजून एक."

"उपकरण हसल्यास भाषांतरकाराचं काम बंद पडतं."

"...अजून एक." पण माझी शिलाई वाकडी गेली, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

लवकरच कळलं, हा माणूस मुद्दाम बोलतोय! सगळ्या कोटांची पितळी बटणं त्याच्या बडबडीवर लागली. मग मीही त्याची मालकीण झाले. "मिक्सरची पानं दाखवल्याशिवाय चहा नाही!" तोंड वाकडं करायचा, पण पानं दाखवायचा.

शनिवारी बँडवाले आले. कोट घालून आरशात बघितलं, खूष झाले, आणि ट्रम्पेट वाजवतच जिना उतरले. खोली एकदम रिकामी वाटायला लागली. तो चार्जरची वायर गुंडाळत होता. हळू... फारच हळू.

"मग... झालं काम," तो म्हणाला.

"हो... झालं."

सोमवारी त्याने का यावं? काहीच कारण उरलं नव्हतं. मी उगाच टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत बसले.

तेवढ्यात फोन. दादा. खाली रस्त्यावरूनच ओरडत होता, "कोट गेले का बघायला आलो, तर हे काय? तू समोरच्यांच्या खिडकीत काय करतेयस? आणि तो टोपीवाला कोण, तुझ्या खांद्यावर हात टाकून?"

मी खिडकीकडे धावले. समोर ती दोघं शेजारी शेजारी. कोटाची बाही माझ्या स्वेटरच्या खांद्यावर. पातेलं फुटबॉलला टेकलेलं. आणि खाली पुठ्ठा, "आमचं ठरलं. तुमचं?"

मी वळले. तो कानापर्यंत लाल.

"हे... कधी केलंत?"

"मंगळवारी."

"मंगळवारी!"

"रोज वाट बघतोय. तुम्ही मान वर कराल तर ना! इतकं मन लावून काम करायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच!"

फोनमधून दादा, "अगं बोल, कोण आहे तो?"

"दादा, तो फुटबॉल आहे. कोट गेले. वर ये, खरा माणूस दाखवते." मी फोन ठेवला. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा ओढला, त्यावर लिहिलं आणि त्याच्यापुढे धरला – "आधी तू!"

त्याने वाचलं. तो 'तू' दोनदा वाचला असावा, कारण चष्मा पुसून परत बघितलं.

"मला... तू आवडतेस."

"बोललास! लाव बटण."

"कामाची वेळ संपली ना?"

"मालकीण कोण?"

"तू," तो म्हणाला. दोऱ्याचं रीळ माझ्या मुठीत होतं. ते घ्यायला त्याने हात पुढे केला... आणि रीळ राहिलं बाजूला, मूठच धरली.

आणि नेमका तेव्हाच शिंकला. जिन्यात दादाची पावलं दचकून थांबली.