हात न लावायचा पत्रा

“हितेशच्या शेडमधल्या त्या जुन्या गाडीच्या दारावर म्हणे पोरीचा...”

नीराबाई दिसताच मासळीवाली गप्प झाली आणि उगाच बोंबिलांचा भाव सांगू लागली.

नीराबाईंना अर्धी बातमी कधी पचली नाही. पण ही गाडी गावच्या शेठची होती. चाळीस वर्षांपूर्वी तिच्यातूनच दोघी बहिणी किनाऱ्यावर फिरायला गेल्या होत्या. नीरा वाटेत उतरली, सात वर्षांची बायजा पुढे गेली. भरतीत गाडी रुतली. ओहोटीला ड्रायव्हर मेलेला सापडला, बायजा सापडलीच नाही. माराच्या भीतीने नीरा आईला म्हणाली होती, “ती पण माझ्यासंगं उतरली.” तेव्हापासून आई, सोनाबाई, बायजा परतेल म्हणून दाराला कडी लावत नव्हती.

सोलकढीचा तांब्या घेऊन त्या शेजारच्या शेडमध्ये शिरल्या. हितेशने कॉम्प्रेसर बंद केला, तोंडावरचा मुखवटा काढला. वाळूच्या माऱ्याने दाराचा रंग, गंज सगळं उडून पत्रा करडा, उघडा पडला होता.

“काकू, लांबून हां. उघड्या पत्र्याला हात लागला की खाऱ्या हवेत तासाभरात गंज धरतो. हा बघा पंजा. गावभर बोंब झालीय.”

नीराबाई ओशाळल्या. “मेल्या, तो माझाच. काल तू जेवायला गेलास तेव्हा जरा चाचपून बघितलं...”

“तुम्ही पण ना काकू!” हितेश पोटभर हसला. पंजा वाळूने उडवून तो प्रायमर कालवायला मागे गेला.

नीराबाईंनाही हायसं वाटलं. गाडीच्या उघडून ठेवलेल्या दारासमोर त्या एकट्याच उभ्या राहिल्या. उन्हं कलली होती. चिखलाचा, शेवाळाचा वास आला.

दाराच्या आतल्या बाजूला, खाली, तांबूस डाग उमटला. पाच बोटं. इवलीशी. मग त्याच्या वर दुसरा. मग काचेच्या फटीशी तिसरा...

“बायजे,” त्या पुटपुटल्या, “व्हतीस गं तू आत. मी खोटं बोलले.” आईला आज खरं सांगायचंच, असं ठरवून त्या वळल्या आणि थबकल्या.

चौथा पंजा दाराच्या बाहेरच्या अंगाला होता. त्याला गंज नव्हता. तो नुसता ओला होता.

कुंपणापलीकडच्या घरातून सोनाबाईंचा थकलेला आवाज आला.

“नीरे... दारात कोण उभं हाय गं?”