घाट उतरणारा ठिपका

टेंपोतून मोठा खोका सांभाळत जया खोपोलीच्या तंत्रशाळेपाशी उतरली, तेव्हा फाटकात एक तरणा माणूस हाताचं ग्रीस पुसत उभा होता.

"टीव्ही का, बाई? बरं झालं. आज मॅच हाय."

"टीव्ही नाही, संगणक आहे. हळू धरा."

"हळूच धरतो की," म्हणत त्याने खोका असा खांद्यावर टाकला की जयाचा जीव खालीवर झाला.

हा सहदेव मास्तर, मोटार दुरुस्ती शिकवायचा. साल शहाऐंशी. वरून हुकूम असा होता की दोन महिन्यांत पोरांनी संगणकावर काही करून दाखवावं. नाहीतर यंत्र आणि ते शिकवणारी बाई, दोघांची रवानगी पनवेलला.

जयाने पोरांना शर्यतीची गाडी करायला लावली. गाडी म्हणजे पडद्यावरचा हिरवा ठिपका. पण तिचं वजन, इंजिनाची ताकद, चाकं, ब्रेक सगळं आकड्यांत ठरवायचं, आणि कुठं वळायचं, कुठं वेग आवरायचा ते ओळीओळीने लिहून द्यायचं. रस्ता बोरघाटाचा. पोरांनी इंजिनाला मावेल तेवढी ताकद दिली. ठिपका पहिल्या वळणावर सुटला, तो थेट पडद्याबाहेर.

"गेली दरीत," दारातून सहदेव म्हणाला.

"मास्तर, तुमचा तास नाही का?"

"हाय की. पन दरी बघायला आलतो."

"मग तुम्हीच शिकवा, गाडी रस्त्यावर कशी राहते ते."

ती चिडून बोलली होती. तो मात्र रोज यायला लागला. जड गाडी का घसरते ते तो खडूने फळ्यावर काढायचा, त्याचे आकडे ती करायची, आणि मधे दोघं भांडायची.

"एवढं वजन, नि एवढुसे ब्रेक? ह्या गाडीत तुमी बसाल का, बाई?"

"तुम्ही चालवत असाल तर... नाही."

मधलं ते थांबणं तिचं तिलाच कळलं, आणि कान तापले.

तपासणीला साहेब आले. पोरांच्या दोन गाड्या एकामागून एक दरीत गेल्या. तिसरी सहदेवाने स्वतः लिहिली होती. ती डौलात उताराच्या तोंडाशी आली... आणि थांबली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बंद पडली वाटतं."

जयाच्या डोळ्यांपुढे पनवेलचा वर्ग आला, आणि त्या वर्गाच्या दारात कुणीच उभं नव्हतं.

"नाय साहेब, ब्रेक तपासते," सहदेव म्हणाला. "मी घाटातल्या ठाकुरवाडीचा. आमच्याकडं रेल्वे पुढचा उतार लागायच्या आधी थांबते, ब्रेक बघते, मग निघते."

खरंच, ठिपका हलला. एकेक वळण घेत सबंध घाट उतरून पायथ्याला लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"दाखवा बरं, काय लिहिलंय ते."

सहदेवाचा चेहरा उतरला. "नको साहेब... अक्षर चांगलं नाय."

"यंत्राला कसलं आलंय अक्षर?"

जयाने कळ दाबली. ओळी वर सरकू लागल्या. काही ओळी 'रेम' या शब्दाने सुरू होत होत्या. त्याच्यापुढे काहीही लिहावं, यंत्र ढुंकून पाहत नाही. ते माणसांनी माणसांसाठी लिहायचं असतं. इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी साहेब मोठ्याने वाचत गेले, "रेम, इथं उतार लागला. रेम, ब्रेक बघा. रेम, जयाबाई पनवेलला गेल्या तर मी भांडू कुणाशी?"

मागच्या बाकावर कुणाला तरी ठसका लागला.

"ही ओळ कशाला?"

"ती... यंत्र वाचत नाही, साहेब," जया मान खाली घालून म्हणाली.

"मी वाचली ना." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "यंत्र इथंच राहू दे. तुम्हीही राहा."

साहेब गेले, पोरं पांगली. जयाने संगणकाला जोडलेल्या टेपमध्ये कॅसेट घातली आणि सहदेवाची गाडी तिच्यावर उतरवून घ्यायला लागली.

"ती ओळ खोडा, बाई."

"राहू दे."

"मी तोंडानंच सांगनार होतो... पन तोंडानं बोललो की तुमी चुका काढता."

"काढणारच."

"रोज?"

"रोज."

कॅसेट संपली. तिने ती काढून त्याच्या हातात ठेवली. "घरी आईंना ऐकवा."

"टेपवर लावली तर नुसती किर्रर्र वाजंल. तिला काय कळनार?"

"मग समजावून सांगायला मलाच यावं लागेल," जया म्हणाली. "कर्जतहून ठाकुरवाडीला गाडी किती वाजता असते?"