ताईबाईच्या साखरेची वही

"भाऊ, तू आत्ताच्या आत्ता निघ. आबा उद्या गंधमुक्तीचा विधी उरकला की पोलीस स्टेशनला जाणार. माझ्या सारिकावर फिर्याद करताहेत."

मावसभाऊ ललितचा आवाज फोनवर फाटला होता. अभिमनने हातातली रक्ताची नळी स्टँडवर ठेवली.

"कसली फिर्याद?"

"आईला तिने मारलं म्हणे. अन् हे सगळं पेटलं तुझ्याच रिपोर्टवरून."

अभिमन जळगावच्या एका दवाखान्यात लॅबचा मुख्य तंत्रज्ञ. बावीस वर्षांत चुकीचा रिपोर्ट त्याच्या हातून गेला नव्हता. नऊ दिवसांपूर्वी ताईबाईला बेशुद्ध आणलं, तेव्हा तिचं रक्त त्यानेच काढलं होतं. सख्खी मावशी. लहानपणी त्याच्या अंगावरची खरूज तिने कडुनिंबाच्या पाण्याने धुतली होती. त्या दिवशी तिच्या रक्तातली साखर निघाली पाचशे अडुसष्ट. संध्याकाळी मावशी गेली.

धरणगाव सोडून गाडी आत वळली, तरी त्याच्या डोक्यातून तो आकडा जाईना.

दुखवट्याला दारावर बसायला आलेली माणसं ओट्यावर होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण कुजबुज चालूच होती. गावाचं तोंड कोण धरणार? ललितचे वडील, प्रेमराज आबा, भिंतीला टेकून बसले होते. दूध सोसायटीचे एकतीस वर्षांचे सेक्रेटरी. आबांच्या आकड्यात चूक काढणारा अजून जन्मायचाय, असं गाव म्हणे. आठ दिवसांत माणूस पार वाळून गेला होता.

"ये भाऊ. तुनी मावशी गयी रे," असं म्हणून त्यांनी एक वही त्याच्यापुढे टाकली. "माले सांग, तुनं मशीन खोटं का मनी सून खोटी?"

"आत चला, आबा. आतमध्ये बोलू."

मधल्या खोलीत तिघंच होते. आबा, ललित आणि अभिमन.

"त्या दिवशी घरी साखर किती वाजता पाहिली?"

"नऊले."

"किती होती?"

"दोनशे चौसष्ट. हे पाय, लिखेल शे. तुना कागदवर पाचशे अडुसष्ट. साडेतीन तासमा इतकी वाढस का?"

वाढत नाही, हे अभिमनला पक्कं ठाऊक होतं.

"अक्षर कुणाचं?"

"सूननंच."

"आणि इन्सुलिनची सुई कोण द्यायचं?"

"तीच." आबा उठले, फ्रिजच्या दारातून दोन बाटल्या काढून आणल्या. गच्च भरलेल्या. "बारा दिवस सुई दिली नही. माणूस माराले काय इखच लागस का?"

"पण बंद करायला कुणी सांगितलं?"

आबांनी वहीचं पहिलं पान उघडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं होतं. साखर सत्तरखाली गेली तर सुई देऊ नका, गूळ द्या, मला कळवा.

"मी रोज वहीत बघून कळवत होतो ना डॉक्टरला," आबा आता शुद्ध बोलीत आले. हिशेबाचं बोलायचं झालं की त्यांची भाषा सोसायटीच्या ऑफिसातली व्हायची. "एकशे बारा आली तेव्हा ते म्हणाले, छान, सुईची गरजच नाही. एकशे शहाण्णवला म्हणाले, दोनशेच्या पुढे गेली की बघू. पण आकडाच खोटा असेल तर डॉक्टर बिचारा काय करणार? सासूशी हिचं पटत नव्हतं, ते गावाला माहीत आहे."

अभिमन वही चाळू लागला. गेल्या महिन्याचे आकडे एकशे एकवीस, एकशे नऊ, एकशे सव्वीस. नंतर तीन दिवस कोरे. मग एकदम बासष्ट. खात्रीसाठी त्याच सकाळी पुन्हा, अठ्ठावन्न. चौसष्ट. तिथे सुई बंद. पुढे चढत चढत अठ्ठ्याऐंशी, एकशे बारा, एकशे सत्तेचाळीस, एकशे शहाण्णव, आणि शेवटी दोनशे चौसष्ट.

"हे तीन दिवस कोरे का?"

ललित म्हणाला, "जुनं मशीन बिघडलं होतं. मग दिपमालाने इंग्लंडहून नवीन पाठवलं."

दिपमाला म्हणजे ललितची धाकटी बहीण. अभिमनने पुन्हा कोऱ्या जागेच्या अलीकडे-पलीकडे पाहिलं. औषध तेच, खाणं तेच, आणि साखर एका फटक्यात जवळजवळ निम्मी?

तो स्वयंपाकघरात गेला. सारिका चुलीपाशी अर्धवट पाठमोरी बसली होती. डोळे सुजलेले, पण रडत नव्हती.

"सारिका, आकडे तू लिहिलेस?"

"हो, भाऊजी."

"मशीनवर तू पाहायचीस?"

तिने चुलीत लाकूड सारलं.

"सकाळी नऊला तू कुठे असायचीस?"

"भाकरी टाकत."

"पिठाच्या हाताने मावशीच्या बोटाला सुई टोचायचीस?"

"मी लिहिले म्हटलं ना!" ती एकदम वळली. "माझंच अक्षर आहे. आबांना जे करायचं ते करू द्या. मी कबूल होईन. तुम्ही यात पडू नका, तुमच्या पाया पडते."

काय म्हणावं या पोरीला! पोलीस दारात येणार, नवरा मान खाली घालून बसलाय, आणि ही म्हणते कबूल होईन. अपराधी माणूस आधी हात झटकतो. ही तर दुसऱ्याचं ओझं ओढून घेत होती. कुणाचं, ते अभिमनला आता दिसू लागलं, आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. पण पळून चाललं नसतं. उद्या ही आत गेली असती.

तो मधल्या खोलीत परतला.

"आबा, ते नवीन मशीन आणा बरं."

आबांनी कपाटातून मशीन काढलं. अभिमनने आपल्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला आणि मशीन आबांच्या हातात दिलं.

"मला जवळचं दिसत नाही. किती आली ते वाचा."

आबांनी मशीन डोळ्यांपासून लांब धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एकोणसाठ!" मग दचकून त्याच्याकडे पाहिलं. "अरे, एकोणसाठ! बठ्ठं काम टाक, पहिले गूळ खाय!"

दारात सारिका येऊन उभी होती. तिने दोन्ही हात जोडले. अभिमनने तिकडे पाहिलं नाही.

"आबा, सोसायटीत म्हशीच्या दुधाची फॅट सहा पॉइंट दोन लागली, तर तुम्ही लिहिणाऱ्याला काय सांगायचे?"

"बासष्ट."

"पॉइंट?"

"पॉइंट कोन म्हनस? बठ्ठास्ले माहीत ऱ्हास..."

आबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी मशीनकडे पाहिलं. मग परत पाहिलं. अंक पाच, मग टिंब, मग नऊ.

अभिमनला बोलणं भाग होतं. त्याने आवाज शक्य तितका हळू ठेवला.

"आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. जुनं मशीन तसंच होतं, त्यात टिंब नव्हतंच. इंग्लंडात मिलिमोलमध्ये मोजतात. रक्त तेच, माप वेगळं. त्यांच्या आकड्याला अठराने गुणलं की आपला आकडा येतो. माझी पाच पॉइंट नऊ, म्हणजे आपली एकशे सहा. मी ठणठणीत आहे."

"मंग ताईबाईनी बासष्ट..."

"सहा पॉइंट दोन. म्हणजे एकशे बारा. मावशीची साखर कमी झालीच नव्हती, आबा. सुई चालू होती म्हणून ती नीट होती. एकशे बारा लिहिलं तेव्हा होती दोनशेच्या वर. शेवटच्या सकाळी सव्वीस पॉइंट चार, म्हणजे चारशे पंच्याहत्तर. तिथून दुपारी पाचशे अडुसष्ट. माझं मशीन खरं आहे. हे मशीनही खरं आहे. आणि सारिकाने तुम्ही ओट्यावरून जे ओरडून सांगितलं, तेच स्वयंपाकघरात लिहिलं. वाचणारे तुम्ही चुकाल हे तुमच्या मनातही आलं नाही, म्हणून लिहिणारीवर संशय गेला."

ललितने तोंड हातात लपवलं.

आबा सारिकाकडे वळले. "तुले माहीत व्हतं?"

"त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. मशीन आवरून ठेवताना त्यात साठलेले जुने आकडे दिसले. सगळ्यांत टिंब."

"मंग मन्या शिव्या काबर खाद्यात, माय?"

"तुम्ही घास घेत नव्हता, आबा." तिचा बांध आता फुटला. "हे कळलं असतं तर तुम्ही जगला नसता. आत्याबाई गेल्या, आता तुम्हीही... मला शिव्या पचल्या असत्या."

आठ दिवस जिला वैरीण म्हटलं, ती हे बोलत होती. आबा तिच्यापुढे खाली बसले, तिच्या पायाला हात लावायला गेले. तिने पाय मागे घेतले आणि त्यांचे हातच धरून ठेवले. मोठमोठ्याने रडले म्हातारबाबा. बायको गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

मग ते उठले. ललितने हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीला धरत ओट्यावर गेले.

"आयका रे!" सगळी भावकी वळली. "ताईबाई मना हातनं गयी. मी आकडा चुकनू. सूनना काहीच दोष नही. आजपासून तिनं नाव कोनी लेवानं नही."

एकेक जण चपला शोधू लागला.

बऱ्याच वेळाने ओट्यावर अभिमन आणि आबा दोघंच उरले.

"सुई नही म्हनीसन खूश व्हती रे ती," आबा म्हणाले. "गूळ मांगे. मी आपला देऊ. पोरना गत खाय. पण शेवटले पानी पानी करे. तिले तरास व्हयना व्हई का रे?"

शेवटचे ते दिवस कसे गेले असतील, हे लॅबमधल्या माणसाला कुणी सांगायला नको. जीव सुकत जातो, पोट पिळवटतं, श्वास लागतो. अभिमनला सगळं ठाऊक होतं.

"नाही, आबा," तो म्हणाला. "साखर वाढली की माणसाला गुंगी येते. तिला काही कळलं नसेल."

"खरं का?"

"खरंच."

आबांनी मान हलवली आणि डोळे पुसले. सारिका ताटात वरण-भात घेऊन दारात उभी होती. तिने अभिमनकडे एकदा पाहिलं, आणि ताट आबांपुढे ठेवलं.