भिंत कोण खातं?

रुंजीच्या घरातल्या भिंतीला भोक पडलं होतं आणि ते वाढत चाललं होतं. त्यात घाबरायचं काय, असं म्हणाल तुम्ही. अहो, पण खाली मातीचा कणसुद्धा पडत नव्हता! मग भिंतीतली माती जात होती कुठे?

त्या काळी मोठाली यंत्रं मातीचे थर रचून स्वस्तातल्या इमारती बांधत. तशाच एका उंच इमारतीत, एका खोलीत रुंजी आणि तिची आई राहायच्या. आई पार्सलच्या गोदामात शिडीवर चढून काम करायची, आणि हल्ली तिला शिडीवरच भोवळ यायची. रुंजीला वाटे, या भिंतीत काहीतरी राहतंय आणि तेच आईला आतून पोखरतंय. संध्याकाळी ती खेळून परतली की दाराबाहेरूनच ऐकू यायचं, खर्र... खर्र... दार उघडलं की सगळं चिडीचूप.

शेवटी तिने इमारतीच्या दुरुस्तीच्या यंत्रमानवाला बोलावलं. चौकोनी अंगाचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठोकळोबा ठेवलं होतं. त्याने भोकात बारीक नळी घातली आणि आत सगळीकडे फिरवून पाहिली.

"उंदीर आहे का रे?"

"नाही. नखांचे ओरखडे आहेत. आणि लाळ आहे, माणसाची."

रुंजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरात तर दोघीच होत्या!

त्या संध्याकाळी ती खेळायला गेलीच नाही. ठोकळोबाला मोरीच्या पडद्याआड उभं केलं आणि स्वतः खाटेखाली शिरली. आई कामावरून आली. दिवा न लावताच भिंतीपाशी बसली. ओला हात भिंतीवरून फिरवून तिने वास घेतला. मग नखाने माती खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"आई!" रुंजी किंचाळली.

आईने घाईघाईने तोंड पुसलं आणि रडायलाच लागली. "कुणाला सांगू नकोस गं. मला वेड लागलंय. ओल्या मातीचा वास आला की राहवतच नाही."

"वेड नाही, ताई," ठोकळोबा दिवा लावून पुढे आला. "खालची पापणी जरा ओढा बघू. रुंजी, ही आतून लालसर हवी, पण पांढरीफटक दिसतेय. रक्तातलं लाल द्रव्य (हिमोग्लोबिन) प्राणवायू अंगभर पोचवतं. ते बनायला लोह लागतं. लोह कमी पडलं (रक्तक्षय) की थकवा येतो, भोवळ येते आणि काहींना माती खावीशी वाटते. असं का, ते शास्त्रज्ञांनाही पुरतं उलगडलेलं नाही. पण मातीने उणीव भरत नाही, उलट पोट बिघडतं."

"पण मी उपाशी कुठे असते? चांगली पोटभर चहा-चपाती खाते की!"

"पोट भरतं, रक्त उपाशी राहतं. याला छुपी भूक म्हणतात. त्यात चहातलं तुरट द्रव्य (टॅनिन) अन्नातलं लोह धरून ठेवतं, मग ते रक्तापर्यंत फारसं पोचतच नाही."

"मग तू भाजी का नाही खात?" रुंजी चिडून म्हणाली.

रुंजीला एकदम आठवलं. जुडी महाग, म्हणून पालेभाजी घरात क्वचित यायची. आली की आई ती सगळी रुंजीला वाढायची आणि "मला नको गं" म्हणत चहात चपाती बुडवायची. आईच्या वाटची सगळी भाजी आपणच खाल्ली! रुंजीला हुंदका आवरेना.

"मी भिंतींचा जाणकार, डॉक्टर नव्हे," ठोकळोबा म्हणाला. "उद्याच दवाखान्यात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. चहा जेवणाबरोबर नको, तासा-दोन तासांनी घ्या. भाजीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. भाजीचे भाव काही मला दुरुस्त करता येत नाहीत, पण गच्चीवर शेवगा लावू. त्याच्या पाल्यातही लोह असतं." मग तो भिंतीतल्या भोकाकडे वळला. "अशी भोकं मी इथे कितीतरी घरांत बुजवलीत. उंदीर समजून."

गोळ्या सुरू झाल्या. गच्चीवरच्या पिंपात शेवगा भराभर वाढला. पहिलं ताट आईचं, हा रुंजीने घरात नियमच केला. हळूहळू आईची भोवळ थांबली आणि भोक होतं तेवढंच राहिलं.

एका संध्याकाळी दोघी जेवत होत्या. भिंतीतून आवाज आला, खर्र... खर्र...

रुंजीचा घास हातातच राहिला. आई तर समोर बसलेली! आवाज भिंतीपलीकडून, शेजारच्या घरातून येत होता. आईने क्षणभर कान दिला. मग उठून शेवग्याची भाजी वाटीत काढली आणि वर लिंबाची फोड ठेवली.

रुंजीने ती वाटी घेतली आणि शेजारचं दार वाजवलं. आतला आवाज थांबला.

"काकू, उघडा ना," ती म्हणाली. "घाबरू नका. माझी आईपण खायची."