आठ महिने वाचलेला माणूस

"अहो, उत्तररंग तरी जागेपणी ऐकणार का? पूर्वरंग माझ्या खांद्यावर झाला म्हणून विचारलं."

मी दचकून सरळ बसले. नॉटिंगहॅमच्या हॉलमध्ये सुलक्षणाताईंच्या कीर्तनाचा मध्यंतर चालू होतं. ताई हॉस्पिटलात भूल देतात आणि इथे जागं करतात. आणि मी नेमकी त्यांच्याच कीर्तनात झोपले होते!

"सॉरी... आठवडाभर स्क्रीनच बघते. मी वरदा. वकील, मिल्टन कीन्सला."

"बापरे, वकील! मग खांदा पुरावा म्हणून जप्त करणार?" त्याने माझ्या कपाळाला बुक्का लावला. "मी परीक्षित देवस्थळी. ब्रॅकनेलहून येतो... आईसाठी."

हे नाव मी आठ महिने रोज वाचत होते.

सदोष कृत्रिम सांध्यांमुळे चालणं गमावलेल्या नऊशे पेशंट्सनी मिळून एका कंपनीवर दावा लावला होता. आमची फर्म पेशंट्सच्या बाजूने. कोर्टाच्या नियमाप्रमाणे कंपनीने आमच्याकडे सोपवलेल्या लाखो मेल्समधून कामाच्या मेल्स शोधणं, ही माझी नोकरी. त्या कंपनीतल्या टेस्टिंग इंजिनिअर परीक्षितचा मेलबॉक्स माझ्या वाट्याला आला होता. बॉसला मारलेले टोमणे, आईच्या किमोच्या तारखा... रिकाम्या फ्लॅटमध्ये मी त्याच्या विनोदांवर हसायचे. देवापुढे दिवा लावताना त्याच्या आईचं नाव घ्यायचे.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. समोरच्या बाजूच्या साक्षीदाराशी असं बोलायचं नसतं. पण मी पुढच्या महिन्यातही गेले. आणि त्याच्या पुढच्याही...

चौथ्या कीर्तनानंतर कार पार्कमध्ये बारीक पाऊस होता. त्याने स्वतःचं जॅकेट माझ्या डोक्यावर धरलं.

"आज आईचं वर्षश्राद्ध, वरदा. ती या कीर्तनांना यायची. तिची जागा रिकामी राहू नये म्हणून येतो मी."

"गेल्या? अरुणाकाकू... गेल्या?"

मला रडू आवरेना. जॅकेट धरलेला त्याचा हात मात्र खाली आला.

"आईचं नाव मी तुला कधी सांगितलं?"

खोटं सुचलं नाही. "तुझ्या मेल्समध्ये वाचलं."

त्याला समजायला क्षण लागला. "म्हणजे... तू त्या केसवर? मार्चमधली मेलही वाचलीस?"

'ठीक आहे, सांध्याला तडा गेल्याचा उल्लेख रिपोर्टमधून काढतो.' त्याने बॉसला लिहिलेली एवढीच ओळ.

"गुरुवारी वाचली. सर्वांत महत्त्वाची म्हणून खूणही मीच केली."

"मला ओळखत असताना?"

"नऊशे माणसं आहेत रे."

"आई आयसीयूत होती तेव्हा. भांडायचं त्राण..."

"माहितीये. तेही वाचलंय."

तो म्हणाला, "आणि आपण?"

"उद्या ऑफिसात आपल्याबद्दल सांगणार. मला केसवरून काढतील. मेल पुराव्यात राहील. तुझी साक्ष होईपर्यंत भेटायचं नाही, बोलायचं नाही. आणि साक्षीत माझीच माणसं तुला सोलून काढतील... त्यानंतर माझं तोंड तुला बघवणार नाही."

तसं काही नाही, असं तो म्हणेल म्हणून मी थांबले. तो म्हणाला नाही.

"प्रेम आहे तुझ्यावर," मीच म्हटलं. "ती ओळ वाचूनही गेलं नाही. काय करू?"

"माझी साक्ष ऐकायला ये," तो म्हणाला. "आजवर चोरून वाचलंस ना? एकदा समोर बसून ऐक. त्या दिवशी काही काढणार नाही मी." त्याने गाडीचं दार उघडलं. "त्यानंतरचं... मला खरंच माहीत नाही, वरदा."

तो गाडीत बसला. मिल्टन कीन्सपर्यंत आमचा मोटरवे एकच. म्हणून तो पुष्कळ पुढे जाईपर्यंत मी गाडी सुरूच केली नाही.